ती कोणासारखी खेळते?

लीगचा फॉर्म तसा सोपा होता. जन्मतारीख, उंची, वजन, कॉलेज, कोणत्या स्पर्धा खेळली. अगदी शेवटी प्रशिक्षकानं भरायचा एक रकाना होता: ‘ही खेळाडू पूर्वीच्या कोणत्या मोठ्या खेळाडूसारखी खेळते? एका ओळीत लिहा.’ बाकीचा फॉर्म मी अर्ध्या तासात भरला आणि त्या एका ओळीपाशी आठवडाभर अडून बसले.

मी कळंबला कॉलेजात खेळ शिकवते. खेळ म्हणजे आमच्याकडं आधी खो-खो, मग बाकीचं. जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, शाळेमागं दोन खांब रोवलेले दिसतील. आमच्या तिसऱ्या वर्षाची एक पोरगी मुलींच्या लीगच्या निवडीसाठी पात्र ठरली होती. तिथं संघांचे मालक ओळीनं एकेक खेळाडू उचलतात, टीव्हीवर, सगळ्यांसमोर. आमच्या पोरीचं नाव वजीर म्हणून गेलं होतं. लीगच्या खो-खोत वजीर म्हणजे आक्रमणातली एक खास खेळाडू. बाकीच्यांनी एकदा दिशा धरली की मागं वळता येत नाही, वजिराला कुठंही वळायची मुभा. सगळा डाव तिच्या डोक्यानं चालतो. पाय तर सगळ्याच पोरींना असतात, वजिराला डोकं लागतं.

तुलना करण्याची सवय मला आमच्या सरांनी लावली. सर म्हणजे मला शाळेपासून शिकवलेले प्रशिक्षक. आता सत्तरी ओलांडली, धाराशिवला मुलाकडं राहतात. नवी पोरगी दिसली की ते तिचं नाव विचारत नाहीत, ‘ही कुणावर गेली?’ असं विचारतात. कॉलेजांच्या स्पर्धा सुरू झाल्या की मी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवते आणि फोनवर आमचं भांडण जुंपतं. मी म्हणणार, भूमची ती उंच पोरगी सूर मारते तो थेट आपल्या जुन्या अमुकसारखा. ते म्हणणार, “काय बी बोलू नको. ती हवेत असताना हात पुढं काढायची. ही पडल्यावर काढती.” या वादात कधी कुणी जिंकलेलं नाही, आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नाही.

यंदा मात्र वाद खरा होता, कारण उत्तर कागदावर लिहायचं होतं.

“आपल्या कप्तानासारखी खेळती,” मी सरांना म्हणाले. कप्तान म्हणजे माझ्या वेळची आमच्या संघाची कप्तान. उमरग्याची. देशाकडून खेळली, पेपरात फोटो आले. तिचा वेग असा, की समोरचीला हुलकावणी द्यायलाही वेळ मिळायचा नाही. ती आणि मी एकाच वर्षी राज्याच्या निवडीला गेलो होतो. तिला घेतलं, मला परत पाठवलं. निवड करणाऱ्यांतला एक जण मला म्हणाला होता, “पाय जड आहेत तुझे.” ते मी मानलं, बी.पी.एड. केलं आणि शिक्षिका झाले.

सर फोनवर चिडले. “कप्तान कुठं आन् ही कुठं! कप्तान पळणारीच्या डोळ्यात डोळे घालून जायची. ही तिच्याकडं बघतच न्हाय. मान दुसरीकडंच. ही खोड हाय. मोड ती.”

“सर, दोन वर्षं मोडायला बघतेय. मोडत न्हाय.”

“मग लिही, कुणासारखी बी न्हाय.”

असं लिहिलं असतं तर फॉर्म वाचणाऱ्यानं पान उलटलं असतं. शेवटी मीच म्हणाले, आपण भांडण्यापेक्षा पोरीला कप्तानापुढं उभं करू. तिलाच ठरवू दे.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी आणि पोरगी निघालो. पोरीचं घर येरमाळ्याजवळ, वडील मेंढरं राखतात. मागं एका पत्रकारानं तिला विचारलं होतं, “मेंढरांमागं पळून पळूनच हा वेग आला ना?” तेव्हा ती सरळ म्हणाली होती, “मी कवा राखलीत मेंढरं? मी शाळंत होते. वडील राखतेत.” त्या पत्रकाराची बातमीच बारगळली. तर येरमाळ्याच्या स्टँडवर तिचे वडील उभे. भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत देत मला म्हणाले, “मॅडम, आमाला खेळातलं काय कळत न्हाय. तुमी न्याल तिकडं ती येती.” धाराशिवला सर चढले, पांढरी टोपी आणि गळ्यात जुनी शिट्टी घालून. उमरगा येईपर्यंत त्यांनी पोरीला मागच्या तीस वर्षांतल्या झाडून सगळ्या खेळाडू सांगितल्या. पोरगी भाकरी खात ऐकत होती.

हायवेला कप्तानाचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे. नवऱ्याबरोबर तीच बघते. आम्ही गेलो तेव्हा ती एका ड्रायव्हरला रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेला टायर का घेऊ नये हे समजावत होती. मला बघितलं आणि ड्रायव्हरला तसंच सोडून रस्त्यापर्यंत पळत आली.

“कवा आलीस गं? फोन तरी करायचा! सर, तुमी बी?” ती वाकून सरांच्या पाया पडली. मग पोरीकडं बघून म्हणाली, “हीच का ती?”

चहा झाला. मी व्हिडिओ दाखवायला मोबाइल काढला तर तिनं हात आडवा केला. “त्यात काय दिसतंय? चल मागं.”

दुकानामागं मोकळी जागा होती. कप्तानानं कामाच्या दोन माणसांकडून आठ जुने टायर एका ओळीत मांडून घेतले, बसणाऱ्या आठ जणींच्या जागी. दोन्ही टोकांना खांब म्हणून लोखंडी पाइप उभे केले. टायर काही उठून पळणार नव्हते. म्हणून तिसऱ्या टायरच्या जागी तिनं मला बसवलं.

“मी?”

“मग काय सर बसतेत व्हय?”

तिनं चप्पल काढली, पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या. पन्नाशीची बाई. मी पोरीच्या कानात म्हणाले, “जरा जपून हं, वय झालंय त्यांचं.” सरांनी शिट्टी मारली.

आणि पुढं पाच मिनिटं त्या वय झालेल्या बाईनं आमच्या पोरीला नुसतं नाचवलं. टायरांमधून आत, बाहेर, खांबाला वळसा, पुन्हा आत. पोरगी हात टाकायची आणि कप्तान वीतभर पलीकडं असायची. कामाची माणसं काम सोडून भिंतीवर चढून बसली. ड्रायव्हर आला, क्लीनर आला. सर टोपी हातात घेऊन ओरडत होते, “आत घे! आत घे तिला!” मला हसू आवरेना. तीस वर्षांपूर्वीचा तो वेग तितका राहिला नव्हता, पण कुठं थांबायचं हे तिला अजून नेमकं ठाऊक होतं.

मग एक गंमत झाली. मी बसून बसून थकले होते. एक गुडघा दुखायला लागला म्हणून मी भार दुसऱ्या पायावर घेतला, पंजा जमिनीत रुतवला. त्याच क्षणी पाठीवर थाप बसली, “खो!” मी विचार करायच्या आत उठले होते. समोर दोन पावलांवर कप्तान, तोंड दुसरीकडं. मी हात टाकला तो तिच्या खांद्यावर पडला.

कप्तान बाद! भिंतीवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी उभी राहून धापा टाकत होते. हे मी केलं यावर माझाच विश्वास बसेना.

कप्तान कमरेवर हात ठेवून हसत होती. तिनं पोरीला जवळ बोलावलं. “आताच का खो दिलास? आधी दोनदा मी हिच्या पुढून गेले. तवा का न्हाय दिला?”

पोरगी म्हणाली, “तवा मॅडमचा भार चुकीच्या पायावर होता. उठायला येळ लागला असता.”

“मला बघत नव्हतीस?”

“तुमी कुठं जाणार ते मॅडमच्या मानेवरनं कळतंय की. बसणारी तयार हाय का एवढंच बघायचं.”

सरांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. कप्तान माझ्याकडं वळली. “ही माझ्यासारखी न्हाय. मी आंधळ्यावानी पळायचे. खो दिला की दिला, बसणारी उठली तर उठली. आपल्या संघात अशी एकच जण होती.”

“कोण?” मी विचारलं. खरंच मला आठवेना.

“कोण म्हणून काय इचारतीस? तू!”

मी काहीतरी पुटपुटले, माझे पाय जड होते वगैरे.

“पाय गेले खड्ड्यात. म्या राज्याच्या निवडीत इतके गडी बाद केले ते कुणाच्या खोवर? बरोबर पाय रुतला की तुझा खो यायचा. बाद कुणी केलं ते लोकांनी बघितलं, खो कुणी दिला ते कुणी बघतं का? म्या तवा सांगायला पायजे होतं. न्हाय सांगितलं. मला बी म्होरं जायचं होतं.”

ड्रायव्हर, क्लीनर, सगळ्यांसमोर ती हे बोलली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट अंगात काहीतरी उसळलं आणि मी म्हणाले, “चल, अजून एक डाव!” सर हळूच म्हणाले, “माझ्या बी ध्यानात आलं न्हाय गं कवा. मी खोडच समजत हुतो. तुझी बी आन् हिची बी.” सरांनी चूक कबूल केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. आम्ही आणखी तीन डाव खेळलो. त्यात मी एकदाही कुणाला बाद केलं नाही.

परतीच्या गाडीत पोरगी म्हणाली, “मॅडम, मग तुमचंच नाव लिहा की.”

“माझं नाव तिथं कोण ओळखतंय? फॉर्म बाजूला टाकतील.”

तिनं तुळजापूर येईपर्यंत विचार केला. मग म्हणाली, “तर मग त्यांचं लिहा. टीव्हीवर नाव आलं तर दुकानात कशा उड्या मारतील बघा.”

मी लिहिलं: ‘उमरग्याच्या आमच्या कप्तानाची जिद्द आहे, पण खो देण्याआधी बसणारीला बघते, ही तिची स्वतःची नजर.’ कप्तानाचं पूर्ण नाव घातलं. सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “एका ओळीत लिहा म्हणलेत, दीड झाली.” पण खोडायला सांगितलं नाही.

निवडीच्या दिवशी दुपारी आम्ही स्टाफरूमच्या टीव्हीपुढं बसलो. पोरीचे वडील आले होते. त्यांचे मेहुणे तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात कामाला आहेत, त्यामुळं पिशवीत भली मोठी माळ होती आणि आमचे प्राचार्य सारखे त्या पिशवीकडं बघत होते. पहिल्या फेरीत पुण्या-मुंबईच्या पोरी गेल्या. दुसरीत कोल्हापूरची, सांगलीची. प्रत्येक नावाला टीव्हीवरचा माणूस सांगायचा, ही अमुकसारखी, ही तमुकची आठवण करून देते. सर माझ्या एका सहकाऱ्याच्या फोनवरून प्रत्येकाला खोटं पाडत होते. तिसरी फेरी निम्मी झाली तेव्हा पोरगी उठून पाणी प्यायला गेली.

आणि तेवढ्यात तिचं नाव आलं. वजीर म्हणून!

“अगं ये! ये लवकर!” मी ओरडले. ती तांब्या हातात घेऊनच धावत आली. पडद्यावर तिचा फोटो होता आणि तो माणूस माझी दीड ओळ वाचत होता. कप्तानाचं नाव त्यानं थोडं चुकीचं उच्चारलं, पण घेतलं. माझा फोन वाजला. उचलला तर पलीकडून नुसती आरोळी, मागं ट्रकचे हॉर्न. कप्तान काय बोलत होती ते एक अक्षर कळलं नाही. पोरीचे वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, घेतलं का तिला? म्हंजे पेटवू का आता?” प्राचार्य म्हणाले, “आवाराबाहेर! आवाराबाहेर!” आणि स्वतःच काडेपेटी शोधायला लागले.

लीगचा पहिला सामना आम्ही कॉलेजच्या हॉलमध्ये पडद्यावर बघितला. सुरुवातीलाच आमची पोरगी घाईत खांबाच्या पुढं गेली आणि सपशेल पडली. मग ती उठली, पळत सुटली, मान पुन्हा तशीच, पळणारीकडं नाहीच. मला पडद्यावर बसलेल्या पोरींचे पाय दिसत होते. पाचव्या जागेवरच्या पोरीनं पंजा रुतवला. “दे! आता दे!” मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, आणि त्याच क्षणी तिनं दिला. बाद. पुढच्या मिनिटात आणखी एक. तिसरी बाद झाली तेव्हा हॉलमध्ये कुणीच खाली बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा आवाज पार बसला होता. मैदानावरचा सगळा तास मी शिट्टीवर काढला.