बाथरूममधला स्टीलचा दांडा

आज रविवार. आमच्या देवपूरमधली घरदुरुस्तीची एक कंपनी सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांच्या घरी फुकट कामं करून देते. आज ते आमच्याकडे आले होते.

माझे यजमान गेल्यापासून सासूबाई बाथरूमला माझा हात धरूनच जायच्या. मला घर सोडताच येत नव्हतं.

या लोकांनी भिंतीला दांडा बसवला. सासूबाई सोबत आलेल्या कंपनीच्या मालकांना म्हणाल्या, "भाऊ, पहिले तू लटकी दखाड, मंग मी धरसू."

ते जाडजूड गृहस्थ खरंच लटकले. खूप दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

मग त्या एकट्या आत जाऊन आल्या. म्हणाल्या, "आते तू जाय कोठे बी."

तुमच्या घरी असा दांडा आहे का? नसेल तर बसवून घ्या.

संध्याकाळी मी एकटीच भाजी आणायला गेले.