माधवरावांनी घासलेली जमीन

माधवराव नाडकर्णी अठरा वर्षं माझ्या डोक्यावर राहिले. अगदी खरोखर डोक्यावर. गिरगावातल्या आमच्या चाळीत वरच्या मजल्याची जमीन सागवानी फळ्यांची होती, आणि त्यांची जमीन तेच माझं छत. फळ्या आटून त्यांच्यात नख जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. त्या फटींतून वरचं सगळं माझ्याकडे यायचं, तांदळाचा कोंडा, उदबत्तीची राख, जमीन पुसल्याचं पाणी. मी विधवा बाई, पापड लाटून पोट भरणारी. सुकत घातलेल्या पापडांवर कुणाचे केस येऊन पडले तर गप्प कशी बसणार? मी काठीने छत ठोकायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. मग माधवराव वरून फटीला तोंड लावून म्हणायचे, "चुकलं हो कमळाबाई." दर वेळी तेच. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण भिंतीत खिळा ठोकायला गेले की अंगठा काळानिळा. मूलबाळ नव्हतं. बायको मीनाक्षीवहिनी. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेल्याला आठ वर्षं झाली होती, पण त्या घरात अशा वावरायच्या की नवख्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. पहाटे पाचला त्यांची पावलं अंथरुणावरून मोरीकडे, मोरीतून चुलीकडे, चुलीपासून देव्हाऱ्याकडे जायची. मी खाली पडल्या पडल्या ऐकायची. एक पाऊल कधी अडखळलं नाही. माधवराव कौतुकाने म्हणायचे, "सवय झालीय तिला." मलाही तसंच वाटायचं.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात वहिनींच्या पायात फळीचं कुसळ गेलं. हे तिसरं. रक्तात साखर, जखम चिघळली, पाय सुजला, हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि करंगळी कापून टाकली. डॉक्टरांनी माधवरावांना बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा असं झालं तर पाय जाईल. मी म्हटलं, घरात चपला घालू द्या त्यांना. पण एकाच खोलीत चूल आणि त्याच खोलीत देव. वहिनी म्हणाल्या, "पाय गेला तरी चालेल, देवापुढे चपला घालून उभी नाही राहणार." चटई घातली होती पूर्वी, ती सरकून त्या दोनदा पडल्या होत्या.

मग वेंगुर्ल्याहून वहिनींचा भाऊ शामराव आला. उंच, काळा, स्पष्टवक्ता. तो माधवरावांना माझ्यासमोर म्हणाला, "भावोजी, तिका मी घेवन जातंय. थंय सारवलेली जमीन आसा, कुसळाचो प्रश्नच नाय." जानेवारीअखेरच्या बोटीची दोन तिकिटं त्याने काढूनही ठेवली होती. माधवराव भिंतीला टेकून उभे होते. "आणि मी?" एवढंच ते म्हणाले. शामरावाला दया आली असावी. म्हणाला, बोट सुटायच्या आत ही जमीन अनवाणी चालण्यासारखी करून दाखवा, तिकीट फाडून टाकतो.

घरमालकाने तर हात झटकले. कोपऱ्यावरचा शिवा सुतार यायला तयार झाला होता, तोवर सोळा जानेवारी उजाडली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव पेटलं. दुकानं बंद, ट्राम बंद, छापखाना बंद. रस्त्यावर दगड आणि अश्रुधूर, मग गोळीबार, मग संचारबंदी. शिवा घाबरून बायकोमुलांना घेऊन माहीमला भावाकडे निघाला. जाताना हत्यारांची पेटी माधवरावांच्या हाती देऊन पाच मिनिटांत धडा शिकवून गेला. आधी खिळ्यांची डोकी आत दाबा, नाहीतर रंध्याचं पातं मोडेल. मग रंधा, मग काचेने खरवडा, मग काचकागद, मग फटींत लांबी भरा, शेवटी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, चोळा.

माधवराव माझ्या दारात आले. धूळ पडेल, आठ दिवस सांभाळून घ्या, म्हणाले. आणि मी, जळ्ळी माझी जीभ, काय बोलले? म्हटलं, "एका अटीवर. त्या फटी एकूण एक बुजवायच्या. एक जरी राहिली तरी मी ऐकून घेणार नाही."

"सगळ्या बुजवतो," ते म्हणाले.

बाहेर "झालाच पाहिजे"च्या आरोळ्या आणि वर रंध्याची खरखर, असे ते दिवस गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत लाकडाच्या पिठाचा थर बसायचा. तिसऱ्या दिवशी मी तावातावाने वर गेले. माधवराव गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या, चिंध्या लाल झालेल्या. मला म्हणाले, "बघा ना, मधलं लाकूड झिजलंय आणि गाठी तेवढ्या वर राहिल्यात. दगड आहेत दगड." खरंच, जागोजागी सुपारीएवढ्या गाठी उठल्या होत्या. दाराजवळची एक गाठ सपाट करायला त्यांना सबंध दिवस लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. संचारबंदी तासभर उठली तेव्हा मी दुकानाच्या फुटलेल्या तावदानाचे तुकडे पदरात भरून आणले, खरवडायला. लांबी तर मीच मळली. खडूची पूड आणि तेल, उडदाच्या पिठासारखी घट्ट. ते मागून पटाशीने फटीत दाबत यायचे. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून वरून लावावी म्हणून ते संचारबंदीत एका ओळखीच्या दुकानदाराच्या मागल्या दाराने स्पिरिट मागायला गेले, तर तो म्हणाला, "दारूबंदीत तुम्हीसुद्धा, माधवराव?" त्यावर आम्ही दोघं किती हसलो. त्या आठवड्यातलं तेवढंच हसू.

शेवटच्या दिवशी त्यांनी सदरा काढला, आडवे पडले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गाल घासत सरकत गेले. कुठे टोचतं का ते बघायला. कुठेही टोचलं नाही. पन्नाशीचा तो माणूस उठून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

बोटीच्या चार दिवस आधी वहिनींना हॉस्पिटलातून घरी आणलं. शामराव आधी आत शिरला, अनवाणी चारही कोपरे फिरला, खाली बसून हात फिरवला आणि बहिणीला म्हणाला, "हरलंय गे मी. ऱ्हव तू हंयच." माधवरावांचा चेहरा असा फुलला होता की मी तोंड फिरवलं. दृष्ट लागेल म्हणून.

वहिनींनी उंबरा ओलांडला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि उभ्या राहिल्या. उजव्या पायाची बोटं जमिनीवर इकडे तिकडे फिरवली. मग हात पुढे केले. आठ वर्षांत त्यांना हात पुढे करून चालताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "अहो, कुणाच्या घरी आणलंत मला?"

"आपलंच आहे गं. बघ किती गुळगुळीत केलंय!"

"दारातली गाठ कुठाय? तिथून वळते मी. आणि चुलीअलीकडच्या फटी?"

त्या बुजवायची अट माझीच होती. फटी!

त्या चालायला गेल्या, त्या थेट भिंतीवर. दुसऱ्या दिवशी मोरीऐवजी देव्हाऱ्यात पाय गेला, समई कलंडली. त्यानंतर त्या अंथरुणावर बसल्या त्या उठेनात. पहाटे पाच वाजले तरी माझ्या डोक्यावर सामसूम. मी काठीने छत ठोकायची ती असली शांतता मागायला नव्हे.

बोटीच्या आदल्या सकाळी माधवराव खाली आले. डोळे खोल गेलेले. "कमळाबाई, तुम्ही इतकी वर्षं खालून ऐकलंयत. तिचं पाऊल कुठे पडायचं, सांगा. मी खुणा पाडतो." मी स्टुलावर चढले आणि आठवून आठवून काठी टेकवत गेले. इथे. इथे. मग इथे. वरून ते ठोका ऐकून खडूने खूण करत होते आणि पटाशीने खाचा पाडत होते. आठ दिवस जीव ओतून जे सपाट केलं तेच ते पुन्हा कोरत होते. दुपारपर्यंत चुलीची वाट झाली. वहिनींना उठवलं. त्यांच्या पायाला पहिली खाच लागली, दुसरी लागली. तिसऱ्या खाचेशी त्या थांबल्या.

"ही नव्हती," त्या म्हणाल्या.

"मग कुठे होती? तू सांग, मी तिथे पाडतो. कुठेही सांग."

त्यांनी पाय खाचेवरून पुढेमागे फिरवून पाहिला. "मला नाही हो सांगता येत. माझ्या पायांना ठाऊक होतं, मला कधीच ठाऊक नव्हतं." मग त्यांनी भावाला हाक मारली. "शामू, तिकीट फाडलंस का रे?"

फाडलं नव्हतं.

माधवराव त्यांच्यापुढे बसले. शिकू या, म्हणाले, मी रोज हात धरून चालवीन, नोकरी सोडतो. वहिनी त्यांच्या बांधलेल्या तळव्यांवरून बोटं फिरवत होत्या. "दिवसभर हात धरून तुम्ही बसलात तर खायचं काय? आणि मला नाही जमायचं आता. आंधळी झाले तेव्हा नाही रडले मी. आता रडू येतं. वेंगुर्ल्याच्या घरात मी रांगलेय, तिथे जाऊ द्या मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. शामराव टॅक्सी बघायला पुढे गेला होता. माधवराव ट्रंक घेऊन मागे, मी खालच्या वळणावर उभी, हात द्यावा म्हणून. आमचा जिना दगडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वहिनींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरीवर ठेवला. आणि मग कठड्याला हात न लावता, पदर सावरत, भराभर उतरत आल्या. वळणावर नेमक्या वळल्या. माझा पुढे केलेला हात तसाच राहिला.

वर माधवराव ट्रंक छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होते. अर्ध्या जिन्यावर ते मटकन खाली बसले. वहिनी तोवर रस्त्यावर पोचल्या होत्या.