पेपर आणि साक्षगंध एकाच दिवशी

एकोडीत धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली त्याच सुमारास दहावीचा निकाल लागला... आणि मी इंग्रजीत दुसऱ्यांदा आपटले. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाकीचे विषय सुटले होते, हा एकच मानगुटीवर बसलेला. आता ऑक्टोबरचा चान्स.

आमच्या सरांनी सायक्लोस्टाइल केलेला एक कागद दिला होता. वेळेबद्दल बोलताना इंग्रजीत क्रियापदाच्या शेपटीला कोणता शब्द जोडायचा, त्याची यादी. पुट ऑफ, कॉल ऑफ, ब्रिंग फॉरवर्ड, फॉल बिहाइंड, रन आउट ऑफ टाइम... क्रियापद तेच, पण शेपटी बदलली की अर्थ कुठल्या कुठे. माझे मार्क नेमके इथेच जात.

आता तुम्हीच सांगा, फॉरवर्ड म्हणजे पुढे ना? मग ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे तारीख पुढे ढकलणं, असं मी बिनधास्त लिहून आले होते. तर नाही! म्हणे तारीख अलीकडे येते. मला त्या इंग्रजांचा असा राग आला होता की काय सांगू.

रोवणीत कागद नेता येत नाही, चिखलात हात असतात. म्हणून मी यादी पाठ करून धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, उतरायची आणि ओळीत वाकून पुटपुटायची. शेजारी माझी माय. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट. दोन दिवसांनी तिनेच विचारलं, "काय बडबडून राहिली वो तू? मलेबी सांग."

सांगितलं. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. मग ती रोज माझी परीक्षा घेऊ लागली. फॉल बिहाइंड म्हणजे मागे पडणं, याला तर सगळ्या बाया हसल्या. रोवताना आम्ही उलट्या पावली सरकतो, त्यामुळे जी मागे पडते ती एकटीच सगळ्यांच्या पुढ्यात उरते! ती बहुतेक वेळा मीच असायची.

ऑगस्टमध्ये मला पाहायला आले. मुलगा बरा होता, घर खाऊनपिऊन सुखी. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर करायचं ठरलं. तोवर पेपर होऊन जाईल, म्हणून मीही गप्प राहिले.

पेपरला तीन आठवडे असताना निरोप आला. मुलाचा मोठा भाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत, त्याला रजा ऑक्टोबरातच मिळणार, म्हणून साक्षगंध अलीकडे आणलंय. दिवस कोणता? माझ्या इंग्रजीच्या पेपरचाच!

बाबा म्हणाले, मार्चला दे पेपर. त्यांचं तरी काय चुकलं? दोनदा नापास झालेल्या पोरीवर कोण भरवसा ठेवणार... पण लग्न झाल्यावर मार्च कसला नि पेपर कसला, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिक्षण तिथेच संपलं असतं. मी नुसती रडत बसले.

बोलली ती माय. जेवण वाढता वाढता.

"पानी आल्यावर तुमी रोवना कधी पुढं ढकलला का? घरात कोनी बिमार असो, लगन असो, बाकी सारं ढकललं, रोवना नाई. तिचा पेपरबी तसाच हाये, दिवस गेला का गेला. साक्षगंध ढकला."

बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील? माय म्हणाली, "तुमी जात नसान तं मीच जाईन. मले सायकल येत नाई, पन पाय हायेत ना."

आमच्याकडे रोवणीसाठी सगळं थांबतं, हे बाबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पोरीचा पेपर त्या रांगेत बसवायची हिंमत माझ्या अंगठेबहाद्दर मायनेच केली.

सकाळी बाबा सायकल काढून मुलाकडच्यांकडे गेले. संध्याकाळी परतले, पाय धुतले आणि म्हणाले, "त्यायनं मोडलं." बस्, एवढंच. मग मला पेपरची वेळ विचारली.

त्या दिवशी स्वतः सायकलवर साकोलीला घेऊन गेले. तीन तास सेंटरबाहेर उभे. मी बेचाळीस मार्कांनी पास झाले... पुढे शिकले, मास्तरीण झाले, लग्नही झालं यथासांग. ज्या इंग्रजीने रडवलं, ती पोरांना शिकवूनच रिटायर झाले.

ती सोयरीक मोडल्याचं बाबांना काय वाटलं, हे मला कधी कळलं नाही. ते गेल्यावर तेराव्याला त्या सोयरिकीतले मध्यस्थ आले होते. त्यांनी सांगितलं. मुलाकडच्यांनी चारचौघांत बाबांना नको नको ते ऐकवलं होतं. नापास पोरगी पदरात घेतोय, वरून तुमचेच नखरे, असं. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "सोयरीक गेली तं दुसरी येईन. पोरीची हिंमत गेली तं मी कोठून आनू?"

मी तिथेच हमसून हमसून रडले.

पेपरच्या दिवशी परतताना मी कॅरिअरवर बसून, पेपर लांबलचक होता म्हणून अख्खा रस्ता कुरकुरत होते. समोर पॅडल मारणाऱ्या माणसाने माझ्यासाठी काय गिळलंय, याचा पत्ताच नव्हता मला... फार उशीर झाला बाबा, पण थँक्यू.