बेल्जियम म्हणालो, ते खोटं

जुनी काच ओळखायची तर आधी ती उपडी करायची. फुंकलेली वस्तू ज्या सळईवर धरतात ती सळई तोडून वेगळी केली की वस्तूच्या बुडाशी वण राहतो. विलायती कारखाने तो घासून गुळगुळीत करत. आमच्या भागातल्या काच कारखान्यातले कारागीर कामाची पाळी संपल्यावर उरलेल्या काचेतून घरासाठी काहीबाही फुंकायचे. त्यांना घासत बसायला सवड कुठली? अंगठा फिरवला की वण बोचतो. साताऱ्यातल्या दुकानात मी आयुष्यभर हेच केलं, आणि तरी खोटं बोललो.

सहा-सात वर्षांपूर्वी कराडकडच्या एक बाई निळी फुलदाणी घेऊन आल्या. पाचगणीचा एक हॉटेलवाला ती घेणार होता, तोही दुकानात हजर होता. बाईंची अट एकच: हॉटेलात ती मांडली की खालच्या चिठ्ठीवर त्यांच्या वडिलांचं नाव हवं. फुलदाणी वडिलांनीच फुंकली होती. मी उपडी केली. वण बोचला. बुडाची झीजही फार तर साठेक वर्षांची. पण हॉटेलवाला माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला जाणकार म्हणून मिरवायची खाज.

"बेल्जियम. शंभर वर्षं तरी जुनी," मी म्हणालो.

"व्हय? मग आमचे अब्बा बेल्जमला कवा गेलते?"

हॉटेलवाला हसला. मीही हसलो. "कुठून तरी आणली असेल त्यांनी."

बाई म्हणाल्या, "तुमी जाणकार. म्हंजी अब्बाच खोटं बोलले म्हनायचं." फुलदाणी ठेवून निघून गेल्या.

काही देखणं दिसलं की ते बाहेरचंच असणार, या खुळाची मला चीड आहे. त्या दिवशी ते खूळ मीच पोसलं. मुलीच्या मनात मेलेल्या बापाला खोटं पाडलं.

यंदा पाचगणीत त्याच्या हॉटेलात फुलदाणीखालची चिठ्ठी पाहिली: 'बेल्जियम'. डोकं सणकलं. बाईंचं घर शोधून सगळं कबूल केलं. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आवं, मला घरात येऊन काय सांगताय? चारचौघांत बोललासा नव्हं? मग चारचौघांतच बोला."

रविवारी भरदुपारी हॉटेलात गेलो. जेवणाऱ्यांसमोर फुलदाणी उपडी केली, त्यांतल्या दोघांचे अंगठे त्या वणावर फिरवले, खोटं कुणाचं ते मोठ्यानं सांगितलं.

मालक हसत म्हणाला, "काका, म्हातारपणी हा ताप कशाला? बेल्जियम वाचून लोक फोटो काढतात." चिठ्ठी मी फाडली. त्यानं खणातून तशीच दुसरी काढून लावली.

बाहेर येऊन बाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अब्बांचं नाव लिवलं का?"

"अजून नाही."

"मग फोन कशाला केलासा?"