रविवार मोडू नको

नगरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि दादा, म्हणजे माझे सासरे, काही केल्या खिडकी सोडेनात. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. वर टपावर आमच्या बॅगा, गोधडीत गुंडाळलेली बाजाची पेटी आणि सुतळीनं बांधलेला भजनांच्या पुस्तकांचा खोका चढला होता. मांडीवर आमची आठ वर्षांची लेक एस्तेर, गाडी लागेल म्हणून आधीच तोंड पाडून बसलेली. दादांनी आत हात घालून यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बाकी काय बी मोडलं तरी चालंल. रविवार मोडू नको." मग माझ्याकडे बघून, "सूनबाई, तुजं ध्यान आसू दे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बहारीनला काय रविवार उगवत नाही?

उगवतो. पण त्या दिवशी सगळे कामावर असतात.

तुमच्यापैकी जे तेव्हा निरोपाला आले होते त्यांना आठवत असेल काय थाट होता तो. आजवर मिशनरी म्हणजे गोरे, आणि ते आपल्याकडे यायचे. आपल्यातलाच एक सावळा माणूस मिशनरी म्हणून समुद्रापार चाललाय म्हटल्यावर हार काय, भाषणं काय! यांना आमच्या चर्चच्या मंडळीनं एका वर्षासाठी धाडलं होतं. तिकडे कामाला गेलेले आपले मराठी ख्रिस्ती लोक गोळा करायचे, त्यांची उपासना सुरू करायची, एवढंच काम. वर्षानं सुट्टीवर यायचं आणि पुढं राहायचं की नाही ते ठरवायचं. मला काही हौस नव्हती. पण पाळकाच्या बायकोला कोण विचारतो?

दादांच्या रविवाराबद्दल मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नेवाशाजवळच्या आमच्या गावात यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावकीची कामं सुटली नव्हती. पाटलाचा निरोप आला की उठायचं, मग घरी मयत असो की लगीन. आजोबांनी जाऊन सांगितलं, रविवारी येणार नाही. बास, एवढंच. त्यावर आख्ख्या गल्लीचं पाणी तोडलं, सरपण तोडलं. उन्हाळाभर बाया नदीत झिरे उकरून पाणी भरत होत्या. तरी गल्ली हलली नाही आणि शेवटी पाटील हलला. तर आमच्या घरात रविवार म्हणजे नुसता वार नव्हे, तो मिळवलेला आहे. दादा स्वतः जन्मभर गावात उपदेशक होते आणि रविवारी त्यांनी कधी विळ्याला हात लावला नाही.

आता बहारीन. जिदहफ्सला एका शिंप्याच्या दुकानावर आम्हाला फ्लॅट मिळाला. खिडकीतला एसी घरघरायचा आणि त्याचं पाणी खालच्या फळीवर टपकत राहायचं. मनामात एका जुन्या चर्चच्या आवारात आम्हाला हॉल दिला होता. तिथं मल्याळी, तमिळ, तेलगू अशा सगळ्यांच्या पाळ्या लागलेल्या. रविवारची सकाळ तेवढी मोकळी. हे खूश! म्हणाले, "बघ, प्रभूनं आपल्यासाठीच ठेवली." पहिल्या रविवारी यांनी पांढराशुभ्र झगा घातला, मी पेटी उघडली आणि समोर ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांत एकटी एस्तेर बसलेली. यांनी तासभर उपदेश केला. तिनं मध्ये दोनदा जांभई दिली.

असं किती महिने चाललं विचारू नका. काशिनाथ म्हणून श्रीरामपूरकडचा एक क्रेनचालक होता. तो एकदा घरी येऊन चहा पीत म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं कबूल. पण रविवारी सुट्टी मफी, नाहीच. कंपनीची बस फक्त शुक्रवारी मिळते. शुक्रवारी भरवा, पन्नास माणसं आणून बसवतो, खलास." यांचं उत्तर ठरलेलं. "मालकानं दिलेल्या दिवशी देवाला भेटायचं असतं, तर माझे आजोबा झिऱ्याचं पाणी कशाला प्याले असते?" काशिनाथ कप ठेवून गेला. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच वैताग यायचा.

दर महिन्याला दादा गावातल्या फोनवर येऊन बसायचे आणि आम्ही इकडून कार्ड घालून बोलायचो. एकदा हे एका आजाऱ्याला बघायला गेले होते. मी एकटीच बूथवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. दादा, इथं रविवारी कोणी येत नाही. लोकांची इच्छा आहे, पण सुट्टी शुक्रवारी.  

दादांनी विचारलं, "सुट्टी कोन देतं तिथं?"

"कंपनी, दादा."

"म्हंजी पाटीलच की." मग म्हणाले, "भरवा शुक्रवारी. किती वाजता भरवाल?"

"दहाला."

"तिथलं धा म्हंजी हितलं किती?"

"साडेबारा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

हे माझ्यावर असे संतापले की दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दादा हो म्हणाले, पण तुटून म्हणाले असतील. तुला कळत कसं नाही?"

शुक्रवार सुरू झाला. तेलगू मंडळींना सांगून-सवरून दहाची वेळ मिळवली. काशिनाथनं खरंच बस भरून माणसं आणली. तेल लावून भांग पाडलेले, नवे शर्ट घातलेले बापये! जनाबियाच्या एका बंगल्यात काम करणारी सोलापूरची मंदा यायची. तिची मॅडम शुक्रवारी माहेरी जाई, तेवढीच तिला सवड. तिनं पहिल्या दिवशी जो सूर लावला, तो ऐकून माझा पेटीवरचा हात थांबला. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिथं बरं वाटलं. मीठ-मिरचीसकट सगळं बरं वाटायला लागलं. एस्तेर तेवढी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली होती. मी म्हणायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "नॉट नाऊ, आई." मी रागवायची आणि दुसऱ्या दिवशी मीच भाजीवाल्याला 'चल, आटप' म्हणायच्या ऐवजी यल्ला यल्ला म्हणायची.

अशात खालच्या शिंप्याकडे माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. "बाई, दादांचं काही खरं नाही. वार कळेना झालेत त्यांना. शुक्रवारी भर उन्हाचं उठतात, अंघोळ करतात, चर्चची घंटा वाजवून एकटेच आत बसतात. पोरं हसतात हो. आणि रविवारी पुन्हा जातात ते जातातच."

माणूस लांब असलं की आधी वाईटच सुचतं.  "मी मोडलं त्यांना," हे म्हणाले. "आजोबांनी मिळवलेलं माझ्या हातानं घालवलं, म्हणून म्हातारा भ्रमला." मी पुष्कळ समजावलं. पण यांचं ठरलं. वर्ष संपलं की जायचं आणि परत यायचं नाही. मंडळी दुसरा कोणी पाठवेल, नाहीतर नाही पाठवणार. मला गावी परत जायचं होतं, हीच तर माझी इच्छा होती, आणि आता तेच नकोसं झालं. विमानतळावर काशिनाथ पोहोचवायला आला. यांनी परत येण्याबद्दल "इंशाल्ला" म्हटलं, तर तो म्हणाला, "इंशाल्ला नको साहेब. हो म्हणा." यांनी बॅगा उचलल्या.

गुरुवारी गावात पोहोचलो. दादा ठणठणीत. नातीला म्हणाले, "लई गोरी झाली गं." जेवले, हसले, झोपले. मी यांच्याकडे बघितलं, पण हे पटत नसल्यासारखी मान हलवत राहिले.

शुक्रवारी बाराच्या सुमाराला दादांनी अंघोळ केली. धोतर, कोट, फेटा. काठी घेऊन निघाले. आम्ही मागून गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी घंटा वाजवली, दार लोटलं आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले. हे त्यांच्यापुढं वाकले आणि बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले, "दादा, आज शुक्रवार आहे."

दादांनी डोळे वर केले. "मला म्हाईत हाय. तू हितं काय करतुयास? तुजी मंडळी तिकडं भरली आसंल की."

हे सतरंजीच्या कडेशी उकिडवे झाले.

"एकट्यादुकट्यानं वार पाळता येत न्हाई, बाबा," दादा म्हणाले. "माज्या बापानं पाळला तवा आख्खी गल्ली संगं हुती. तुमच्या संगं कुनी नगं का? म्हून मी बसतो. बस आता, अर्ध्यातनं आलास तरी चालतं."

हे बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले, लाज कसली त्यात? सुट्टी संपल्यावर आम्ही परत गेलो आणि यांचे केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिलो.

आता आम्ही गावीच असतो. दादा जाऊन फार वर्षं झाली. मंदा अजून त्याच बंगल्यात आहे, काशिनाथच्या जागी त्याचा पुतण्या माणसं गोळा करतो. मंडळी दहालाच भरते. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर मी हेच गाव सांगते, आणि ते खरंही आहे. पण माझा जीव शुक्रवारी इथं नसतो. तेव्हा जे अजून तिकडे आहेत त्यांनी ध्यानात ठेवावं, की साडेबाराला इथं कोणीतरी बसलेलं असतं.

चर्चशेजारच्या घरात नवी सून आली आहे. परवा तिनं मला चर्चचं दार उघडताना पाहिलं आणि धावत आली बिचारी. हळूच म्हणाली, "आजी, आज रविवार नाही. शुक्रवार आहे."

मी म्हटलं, "मला म्हाईत हाय."