विश्वनाथचा काळा समुद्र

फोन विश्वनाथच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा होता. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मागे लाटांचा आवाज येत राहिला. मी गंगाखेडच्या बसस्थानकावर सोनपेठच्या गाडीची वाट बघत होतो. गाडी आली आणि गेलीही, मी तिथेच उभा. विश्वनाथ नावाजलेला चित्रकार होऊन, चाळीस वर्षं समुद्राकाठी राहून गेला. पण त्या क्षणी मला आठवला तो सोनपेठच्या शाळेत माझ्या वहीत बैल काढून देणारा विश्या. त्याच बैलांच्या जोरावर मी पुढे चित्रकलेचा मास्तर झालो, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

वडील लवकर वारल्यामुळे घर थोरल्या मारोतीदादांच्या खांद्यावर आलं. विश्वनाथनं मुंबईला चित्रकला शिकायला जायचं ठरवलं तेव्हा दादांनी एकच विचारलं, "मग रान कोण बघंल?" तो गेला. दादांनी अडवलं नाही, पण गाडीपर्यंत सोडायलाही आले नाहीत. पुढे त्यानं रत्नागिरीकडच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं आणि तो तिच्याच गावी राहिला. दादा कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त भावाचं एकही चित्र त्यांनी पाहिलं नाही, आणि विश्वनाथला तेच लागलं होतं.

पहाटे स्टूल आणि रंगपेटी घेऊन तो वाळूत जाऊन बसे. ऊन सरकायच्या आत चित्र संपलं पाहिजे, हा त्याचा नेम. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे, पण चार पावलं मागे सरकलं की पाणी हलायला लागायचं. इम्प्रेशनिस्ट म्हणून त्याचं नाव झालं, मुंबईत प्रदर्शनं झाली. लोकांची एकच तक्रार असे, ह्याचा समुद्र एवढा काळा का? मीही एकदा शहाणपणा केला, "थोडा निळा घाल की रं." त्यावर त्यानं दोन महिने फोन केला नाही.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा निघताना त्यानं एक चित्र माझ्या हातात दिलं. "दादाला दे. हे कशाचं हाय ते सांगू नको. अन् तो काय म्हणंल ते मला जसंच्या तसं सांग." जसंच्या तसं, हे त्यानं दोनदा सांगितलं.

दादांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोणाचं रान हाय हे? वाफसा लय चांगला आलाय." पावसानंतर जमीन फार ओली नाही, कोरडीही नाही, अगदी पेरण्याजोगी होते, तो वाफसा. मला मित्रासाठी शरम वाटली. चाळीस वर्षं माणसानं समुद्र रंगवावा आणि सख्ख्या भावाला तिथं शेत दिसावं! दादांना मी काही बोललो नाही. फोनवर मात्र थाप मारली, "दादाला समुद्र लय आवडला."

त्यानं विचारलं, "दादा समुद्र म्हणाला?"

"हो की."

"बरं..." आणि फोन ठेवला. मी आपला खुशीत, दोन भावांचं गोड केलं म्हणून. त्यानंतर त्यानं दादांकडे एकही चित्र पाठवलं नाही.

तेराव्याला मी रत्नागिरीकडे त्याच्या घरी गेलो; दादांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. वहिनींनी त्याची खोली उघडली. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमचा तो फोन आला, त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, दादालाही समुद्रच दिसला, आता कोणाला दिसणार?" मला उमगेना. तेव्हा त्यांनीच सांगितलं, कोऱ्या कॅनव्हासवर तो आधी गावाकडच्या मातीसारखा काळा थर द्यायचा आणि रोज म्हणायचा, "पहिलं रान तयार करू." मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चहा टाकला.

परत आल्यावर थेट दादांकडे गेलो. चित्र त्यांनी बियाण्याच्या खोलीत लावलंय. ते चित्र विश्वनाथनं समुद्रासमोर बसून काढलंय, हे सांगितलं. फोनवरची माझी थापही सांगितली, आणि त्या दिवशी तो जेवला नाही तेही. दादा उठले. रंगाच्या जाड थरावरून त्यांनी बोट फिरवलं, ढेकूळ चुरून ओल बघावी तसं.

"समुद्र आसंल बापा. पण हा आमचा गंगेकडला तुकडा हाय. नदीकडं उतार हाय बघ, आमी दोघं तिथंच पेरायचो." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. मग ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते.

"मास्तर, दादानं रान वळखलं, एवढं त्याला कामून सांगितलं न्हाई?"