अकरावं प्रकरण

पौर्णिमाच्या घरातल्या दोन्ही कमाया एकाच खुंटीला बांधलेल्या होत्या. नवरा संजय मोहनरावांची स्कॉर्पिओ चालवायचा आणि ती मोहनरावांच्या संस्थेच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. घरकुलाची फाईल पंचायत समितीत अडकली तेव्हा फोनही मोहनरावांनीच केला होता. गाव त्यांना आबा म्हणायचं. आबा उपकार कधी बोलून दाखवायचे नाहीत, नुसते हसायचे. बोलून दाखवणारा परवडला, त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. हसणाऱ्याशी कुठून भांडायचं?

गाव दिंद्रुडच्या अलीकडच्या फाट्यावरून आत. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि दारापुढं दगडी पायरी. पौर्णिमानं ग्रंथालयाचा कोर्स केलेला. स्पर्धा परीक्षावाली पोरं पुस्तकात रेघा मारताना दिसली की ती त्यांच्या सात पिढ्या काढायची. पेपर घरी नेणाऱ्या म्हाताऱ्यांना दारात अडवायची. गाव तिला तोंडाळ म्हणायचं. खुशाल म्हणो. पण हेच तोंड आबांसमोर टाळूला चिकटायचं, आणि त्याचा राग तिला आबांपेक्षा स्वतःचाच जास्त यायचा.

आबांची एकसष्टी आली. हार नको, शाल नको, बुके नको, उलट मीच तुम्हाला पुस्तक देणार, असं त्यांनी जाहीर केलं. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला, प्रत्येक वाचनालयाला ‘बारवकाठ’ कादंबरी भेट. त्यांनी पौर्णिमाला बोलावून घेतलं.

“पौर्णिमाताई, आपल्या मातीतली कादंबरी हाय. बाजारात धा जणांनी छापली असंल. तुमी वाचणाऱ्या बाई, चांगली आवृत्ती निवडा. बंकट मागवून दील.”

‘बारवकाठ’ लिहिणारा मास्तर साठ-पासष्ट वर्षांमागं याच भागात नोकरीला होता. गावाचं नाव बदलून त्यानं हेच गाव लिहिलं, असं सगळेच सांगतात. ती पायऱ्यांची बारव अजून आहे, आता तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात.

पण पौर्णिमाच्या वस्तीत या कादंबरीचं एक वेगळंच प्रकरण होतं. प्रकरणच म्हणायचं, कारण वस्तीला अख्ख्या कादंबरीशी देणंघेणं नव्हतं, अकराव्या प्रकरणाशी होतं. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज ग्रंथ वाचला जातो, आश्विन पौर्णिमेला समाप्ती होते, खीर वाटतात. सगळीकडं होतं तसंच. मात्र इथं खिरीनंतर बाया उठत नाहीत. पौर्णिमाची सासू मुक्ताबाई पांढऱ्या फडक्यातून जुनी सुटी पानं काढते आणि अकरावं प्रकरण वाचते. दुष्काळाचं साल. बारवेच्या तळाला थोडं पाणी. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन वर उभ्या, कुणीतरी पाणी वाढेल म्हणून. त्यातली भिवरा, अंगावर पिणारं लेकरू असलेली, अचानक पदर खोचते आणि एकेक पायरी खाली उतरते. वरून पाटील ओरडतोय. ती घागर भरून वर येते आणि म्हणते, “पाटील, पाणी खाली हाय. खाली उतरंल त्याचं.”

हे वाक्य मुक्ताबाई एकटी कधी म्हणत नाही. सगळ्या बाया म्हणतात. विहाराचे पत्रे थरथरतात. भिवरा म्हणजे भिवराबाई, मुक्ताबाईची सासू, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ती पानं मूळची वाचनालयाच्या जुन्या प्रतीतली. मुक्ताबाई पूर्वी ती खोली झाडायची, तेव्हा पानं तिच्याबरोबर घरी आली. कशी आली हे कुणी विचारलं नाही. त्यामुळं वाचनालयातल्या प्रतीत दहाव्यानंतर थेट बारावं. पौर्णिमानं कादंबरी दोनदा वाचली होती, अकरावं सोडून. ते लग्न झाल्यापासून दरसाल ऐकलेलं. ऐकून तोंडपाठ झालेलं. मग वाचायचं कावून?

बंकटनं, म्हणजे आबांच्या कारभाऱ्यानं, दोन आवृत्त्यांच्या नमुना प्रती आणून टेबलावर आदळल्या. एक पुण्याची. कडक बांधणी, टपोरा टाईप, कव्हरवर गुळगुळीत रंगीत बारव. दुसरी संभाजीनगरची. पातळ पुठ्ठा, पिवळट कागद, लग्नपत्रिकेसारखं कव्हर. पौर्णिमानं दोन्ही पुस्तकं मधोमध उघडून टेबलावर पालथी घातली. पुण्याचं कडकड वाजलं, नुसता गोंद. संभाजीनगरचं शिवलेलं, सपाट पडून राहिलं. शेवटी निजामाच्या काळातल्या शब्दांचे अर्थ दिलेले, म्हणजे आजच्या पोराला ‘रझाकार’ आणि ‘अव्वल तालुकदार’ कळावेत. मग तिनं प्रकरणं बघितली. पुण्याच्या पुस्तकात आत बारीक अक्षरात छापलं होतं, ‘विद्यार्थ्यांसाठी संपादित’. आणि अकरावं गायब!

“कापलं भाड्यांनी!” ती इतक्या जोरात ओरडली की पेपर वाचणारा म्हातारा दचकून उठला.

तिनं दुसरं पुस्तक उघडलं. अकरावं होतं. पहिलं वाक्य, “त्या साली बारवेनं तळ दाखवला.” मुक्ताबाईचंच वाक्य, जसंच्या तसं. तिनं पुस्तक मिटलं, छातीशी धरलं आणि तशीच आबांच्या बैठकीत गेली.

बंकट म्हणाला, “बाई, ते कव्हर बघा की. आबांचा फोटो उठून दिसंल का त्याच्यावर?”

“फोटो वाटायचाय का कादंबरी?”

“मोठ्यानं कावून बोलताव?”

“बारीक बोलून ऐकू येत न्हाई म्हणून.” ती आबांकडं वळली. जीभ आज सुटली होती. “आबा, चांगली आवृत्ती म्हणजे पूर्ण आवृत्ती. पुण्याच्या पुस्तकातलं अकरावं प्रकरण काढून टाकलंय. पाटलाचं प्रकरण हाय म्हणून काढलंय. द्यायची तर अकराव्यासकट द्या, नाहीतर माझं नाव सांगू नका.”

आता गेली नोकरी, असं तिला वाटलं, आणि वाटून बरंही वाटलं.

आबा हसले. “अहो, अकराव्यासाठीच तर द्यायची ना! पूर्णच मागव रे बंकट. आणि ताई, सत्काराच्या दिवशी स्टेजवरून ते प्रकरण तुमीच वाचायचं. तुमच्या तोंडून लई शोभंल.”

घरी येऊन तिनं सांगितलं तर संजय खूश होण्याऐवजी विचारात पडला.

“इतक्या लवकर हो म्हणले?”

“मग? भीक मागायला गेलते का मी?”

“तसं न्हाई गं. आबा गाडीतलं एसीचं बटनबी इचार करून दाबतेत.”

सत्काराच्या आदल्या आठवड्यात खोकी आली. वाचनालय पुस्तकांनी भरून गेलं. नव्या शाईचा वास सुटलेला. पौर्णिमानं एक प्रत काढली, वाचायची तयारी म्हणून अकरावं उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचत गेली.

भिवरा उठते. पहिल्या पायरीवर पाय ठेवते. पायाला कापरं भरतं. तेवढ्यात पाटलाचा शहरात शिकलेला मुलगा येतो, तिच्या हातातली घागर घेतो, स्वतः खाली उतरतो, भरून आणतो. पाटील मान खाली घालतो. आणि भिवरा त्या मुलाच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, “तुमी देव हाय मालक.” संपलं प्रकरण.

तिनं पान उलटलं. परत मागं आली. पुन्हा वाचलं. भिवरा खाली उतरत नव्हती. ते वाक्य कुठंच नव्हतं.

पाटलाचा तो मुलगा म्हणजे आबांचे वडील, हे गावात सगळ्यांना माहीत. मागच्या कव्हरवर आबांचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली ओळ, ‘ज्यांच्या घराण्यानं बारव सर्वांसाठी खुली केली’.

आता तिला आबांचं हसणं कळलं. पुण्याची आवृत्ती घेतली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि आपलंच थोबाड फोडावंसं वाटलं. खिंड लढवली तिनं. भांडून, ओरडून, नोकरी पणाला लावून जे मागून घेतलं, ते हे. नको म्हणावं तर कोणत्या तोंडानं? वाचावं तर वस्तीतल्या बायांसमोर, माइकवरून, आपल्याच आजेसासूला पाया पडायला लावायचं.

घरी मुक्ताबाई ओसरीत मेथी निवडत बसली होती.

“आत्या, भिवरा खाली उतरती का न्हाई?”

“उतरती की.”

“पुस्तकात न्हाई उतरत.”

“मग पुस्तक चुकलंय.”

“तुमच्या फडक्यातल्या पानातबी हेच छापलंय?”

मुक्ताबाईनं एक काडी मोडली. “हेच हाय.”

“अन् तुमी इतकी वर्षं…”

“पहिल्या साली वाचाया बसले तर सासू म्होरंच, भितीला टेकून. तिच्या तोंडावर वाचू का, तू त्याच्या पाया पडलीस म्हणून? ती उतरली हुती. शेवाळावरून पाय घसरून गुडघा फुटला हुता, त्यो वण मी धुतलाय माझ्या हातानं. मास्तर काय बारवेत बसला हुता का बघायला? त्याला पाटलाच्या घरी जेवायचं असायचं रोज. मग झालं तसं वाचलं मी.”

“मला कावून न्हाई सांगितलं?”

“तू कवा इचारलंस?”

पौर्णिमा खाली बसली. “आता मला आबांच्या स्टेजवर वाचायचंय.”

“मग वाच.”

“कंचं?”

“मला काय इचारती बाई? निवडाया तुला सांगितलंय.”

संजयनं त्याचं म्हणणं एकदाच मांडलं. “छापलंय तेवढं वाच अन् खाली ये. एका दिवसाचा तर प्रश्न हाय.” ती त्याच्यावर फिसकारली, पण तो खोटं बोलत नव्हता. गाडीची चावी सोडली तर त्याला दुसरं काम कोण देणार? माजलगाव, वडवणी, कुठंही जा, आबांचे पाव्हणे आहेतच.

सत्काराला शाळेच्या मैदानावर मांडव. वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या. आपली सून वाचणार म्हणून यंदा त्यांना पुढं बसवलं होतं. मधोमध मुक्ताबाई.

पौर्णिमानं सुरुवात केली, “त्या साली बारवेनं तळ दाखवला.” बायांचे ओठ तिच्या आवाजाबरोबर हलायला लागले. दुष्काळ आला, घागरी आल्या, भिवरा उठली. पहिल्या पायरीवर पाय. पौर्णिमा थांबली. पुढची ओळ डोळ्यांसमोर होती, ‘तिच्या पायाला कापरं भरलं’. समोर बायांनी श्वास ओढून धरलेला, त्यांचं वाक्य आता येणार होतं. बाजूला बंकट हात हलवून पुढं, पुढं, असं खुणावत होता. मागं गाडीला टेकून संजय उभा होता, जमिनीकडं बघत.

“आबांनी मला चांगली आवृत्ती निवडायला सांगितलं होतं,” ती माइकमध्ये म्हणाली. “इथून म्होरं छापलेलं वेगळं हाय अन् आमच्या विहारातलं वेगळं हाय. मी विहारातलं निवडते.”

तिनं पुस्तक मिटलं. भिवराला एकेक पायरी खाली नेलं. शेवाळावर घसरवलं, गुडघा फोडला, घागर भरली, वर आणली. शेवटचं वाक्य तिला म्हणावंच लागलं नाही. पुढच्या सगळ्या बाया म्हणाल्या, आणि मांडवाचं कापड विहाराच्या पत्र्यासारखंच हललं.

सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या आबांनी. हसत. मग सगळ्या मांडवानं.

काहीच झालं नाही. ना नोटीस, ना बोलणं. गाडीत आबा संजयला एवढंच म्हणाले, “तुझ्या मालकिणीचं पाठांतर चांगलं हाय रे.” त्या दिवसापासून संजय जेवताना अर्धी भाकरी ताटात ठेवतो.

मग एका सकाळी बंकट आला. “आबा म्हणले, वाचनालयाला शिस्त पायजे. चावी माझ्याकडं राहील. मी आलो की उघडीत जाईन.”

“अन् तुमी येणार कवा?”

“येईन की. तुमाला काय घाई हाय?”

तो कधी जेवायच्या वेळी येतो, कधी उन्हं कलल्यावर, कधी येतच नाही. काढलं असतं तर पौर्णिमानं तहसीलपुढं सतरंजी टाकली असती. काढलं नाही, म्हणून उपोषणाला बसताही येत नाही. सोडावं तर संजयची चावी त्याच खुंटीला. तालुक्यातल्या सगळ्या कपाटांत भिवरा पाया पडतेय, मागं आबा हात जोडून उभे आहेत, आणि ती प्रत निवडणारीचं नाव आतल्या पानावर आभारात छापलेलं आहे. ते तिनं नंतर बघितलं. रोज वेळेवर येऊन ती बंद दारापुढच्या दगडी पायरीवर बसते. कुलपाकडं बघितलं की तोंडात शिवी येते, ती गिळते.

पुस्तकं बदलायला येणाऱ्या पोरीही आता पायरीवरच थांबतात. परवा वरच्या गल्लीतली सायली आली, अकरावीतली. हातात ‘बारवकाठ’.

“ताई, तुमी स्टेजवर सांगितलं ते ह्याच्यात न्हाईच की. कंच्या आवृत्तीत हाय?”

पौर्णिमानं रस्त्याकडं बघितलं. बंकटच्या मोटारसायकलचा पत्ता नव्हता. ती जरा सरकली, पायरीवर जागा केली. आणखी दोघी-तिघी जवळ आल्या.

“बसा,” ती म्हणाली. “बंकट यायला लई येळ हाय. त्या साली बारवेनं तळ दाखवला…”